पाठ बघायची राहून जाते

नरकचतुर्दशीची पहाट होती. पाटाभोवती रांगोळी, बाजूला समई, बंबातलं पाणी उकळत होतं. सासूबाई माझ्या लेकीला तेल लावत होत्या. लेक तेव्हा बारा वर्षांची, सातवीत. एरवी न्हाणीघराचं दार आतून घट्ट लावून घेणारी. पण अभ्यंगाचा मान आजीचा, म्हणून त्या दिवशी गुडघे पोटाशी घेऊन, पुढे वाकून पाटावर बसली होती. तेल झालं, उटणं सुरू झालं आणि सासूबाईंचा हात मध्येच थांबला. "अगं, इकडे ये जरा," त्या मला म्हणाल्या. "हिची उजवी बाजू हाताला उंच लागतेय. डावीकडे खळगा, इकडे उंचवटा."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तेव्हा या कामात मला सोळा वर्षं झाली होती. रोज कितीतरी पाठी माझ्या हाताखालून जायच्या. आणि माझ्या पोटच्या पोरीची पाठ मी जवळजवळ दोन वर्षं नीट पाहिलेली नव्हती.

त्या दिवसापासून मी भेटेल त्या आईवडिलांना हेच सांगते आणि आज तुमच्याशीही तेच बोलायचं आहे. मूल लहान असतं तेव्हा त्याच्या अंगावरचा तीळ न् तीळ आपल्याला पाठ असतो. नऊ-दहाचं झालं की ते स्वतः अंघोळ करायला लागतं, कपडे बदलताना लाजतं, आणि ते योग्यच आहे. आपणही दाराबाहेर थांबतो. पण कण्याला बाक येण्याचा जो सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे, तो नेमका दहाव्या वर्षानंतर डोकं वर काढतो. आपली नजर हटते आणि तो येतो. दुखत नाही, खुपत नाही, मूल तक्रार करत नाही. स्वतःची पाठ कुणालाच दिसत नाही, तर त्या पोराला तरी कशी दिसणार?

याला डॉक्टर स्कोलिओसिस म्हणतात. मागून पाहिलं तर कणा वरपासून खालपर्यंत सरळ रेषेत दिसायला हवा. तो एका कडेला वळला आणि उभ्याने काढलेल्या एक्स-रेवर ते वळण 10 अंश किंवा जास्त भरलं, तर त्याला हे नाव मिळतं. शंभरातल्या दोन-तीन मुलांमध्ये असा बाक सापडतो. त्यातल्या बहुतेकांचा थोडक्यावर थांबतो, आयुष्यभर काही त्रास देत नाही. म्हणून हे वाचून लगेच धास्तावू नका. पण काहींचा वाढत जातो आणि 30 अंशांच्या पुढे जाणाऱ्यांमध्ये मुली मुलांपेक्षा कितीतरी पटीने जास्त असतात. कारण? बहुतेक वेळा सापडत नाही. घराण्यात कुणाला असेल तर शक्यता वाढते, एवढं नक्की.

"दप्तरामुळे झालं का हो?" हा प्रश्न माझ्याकडे येणारी जवळजवळ प्रत्येक आई विचारते. मीही स्वतःला विचारला होता. नाही, दप्तराने हा बाक येत नाही. एका कुशीवर झोपल्याने, मोबाइलवर वाकून बसल्याने, लहानपणी कमरेवर घेतल्याने, दूध कमी प्यायल्याने, कशानेही नाही. दप्तर हलकं असावंच. 2020 च्या राष्ट्रीय धोरणाने ते मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जड नको असं ठरवलं आहे, आणि पाठ-खांदे दुखू नयेत म्हणून ते पाळायला हवं. पण तुमच्या मुलाच्या कण्याला बाक निघाला तर त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका आणि मुलाला तर मुळीच देऊ नका. "किती वेळा सांगितलं, नीट बस म्हणून!" हे वाक्य त्या दिवशी तरी तोंडातून जाऊ देऊ नका.

आता बघायचं कसं, ते सांगते. रविवारी सकाळी दहा मिनिटं काढा. मुलीची पाठ आईने किंवा आजीने बघावी, मुलाची बाबांनी. आधी सांगा की काय बघणार आहोत आणि का. केस वर बांधून घ्या, अंगात पाठ उघडी राहील असं काहीतरी असू द्या, उजेड पाठीवर पडू द्या. मूल अनवाणी, पावलं जुळवून, गुडघे सरळ. ताठ उभं राहा असं म्हणू नका, नेहमी राहतं तसंच राहू द्या. एक खांदा वर आहे का? खांद्याचं एक पातं दुसऱ्यापेक्षा बाहेर आलंय का? दोन्ही हात सैल सोडल्यावर हात आणि कंबर यांच्यामधली फट दोन्हीकडे सारखी आहे का? माझ्या लेकीच्या बाबतीत एका बाजूने त्या फटीतून माझी मूठ जात होती आणि दुसऱ्या बाजूला कोपर अंगाला टेकलेलं होतं. घरात दोरा आणि छोटं कुलूप असेल तर गवंड्याच्या ओळंब्यासारखा तो दोरा मानेच्या तळाशी जे ठळक हाड हाताला लागतं तिथून सोडा. खाली तो दोन्ही कुल्ल्यांच्या मधल्या रेषेत यायला हवा.

आणि मग मुख्य गोष्ट. मुलाला दोन्ही तळवे नमस्कारासारखे जुळवायला सांगा, कोपरं सरळ, आणि पोहायला सूर मारताना वाकतात तसं हळूहळू पुढे वाकू द्या, पाठ जमिनीला समांतर होईपर्यंत. तुम्ही मागे स्टुलावर बसा. सुतार फळी सरळ आहे का ते बघायला डोळा तिच्या कडेच्या पातळीत आणतो ना, तशी तुमची नजर पाठीच्या पातळीत आणा. मूल वाकत जाईल तशी आधी बरगड्यांची जागा, मग कंबर नजरेखालून जाईल. डावी आणि उजवी बाजू सारख्या उंचीवर हव्यात. एक बाजू टेकाडासारखी वर आलेली दिसली, तर दुसऱ्या आठवड्यात पुन्हा बघत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

उभ्याने जे कळत नाही ते वाकल्यावर का दिसतं? कारण कणा नुसता कडेला झुकत नाही, तो पिळलाही जातो. मणका फिरला की त्याला जोडलेल्या बरगड्या त्याच्याबरोबर फिरतात आणि एका बाजूला वर येतात. लंडनच्या विल्यम अ‍ॅडम्स या सर्जनने 1865 मध्ये आपल्या व्याख्यानांच्या पुस्तकात हे नोंदवलं आणि आजही जगभर तपासणी त्याच्याच नावाने होते. त्यापूर्वी त्याने गिडियन मँटेल या भूवैज्ञानिकाचा मृत्यूनंतर काढून ठेवलेला वाकलेला कणा अभ्यासला होता. इग्वानोडॉन या डायनोसॉरची ओळख जगाला करून देणारा तो हाच मँटेल. इतक्या जुन्या, बिनखर्चाच्या तपासणीला एक स्टूल आणि दोन डोळे पुरतात. दवाखान्यात आम्ही वाकलेल्या पाठीवर पाणसळीसारखी एक पट्टी ठेवतो, स्कोलिओमीटर. त्यावर 5 ते 7 अंशांच्या वर कलंडलं की एक्स-रे काढायला सांगतो.

सासूबाईंनी उटणं लावताना हीच तपासणी केली होती, फक्त डोळ्यांऐवजी तळव्यांनी.

खरं तर खुणा त्याआधीही होत्या. उन्हाळ्यात आमच्या शिवणकामवाल्या काकूंनी मला दोनदा सांगितलं होतं, "हिचा कुर्ता एका बाजूने उचलला जातोय, मापात चूक नाही माझी." मी म्हटलं, कापड आटलं असेल. युनिफॉर्मच्या स्कर्टची पट्टी एका कमरेवर सरकलेली असायची. बॅगेचा एक पट्टा सारखा खांद्यावरून घसरायचा. शाळेत आरोग्य तपासणी झाली होती. उंची-वजन युनिफॉर्मवरूनच घेतलं गेलं, पाठ कुणी पाहिली नाही. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरहून सुरू झाला, त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येतात. तुमच्या मुलाच्या शाळेत पथक येणार असेल तर वर्गशिक्षकांकडे एक चिठ्ठी द्या की पाठही वाकवून बघा. जिल्हा रुग्णालयापर्यंत पुढची वाट ते दाखवू शकतात.

आमचा पहिला एक्स-रे चुकला. एका तपासणी केंद्रात तो लेकीला आडवं झोपवून काढला गेला आणि कोन 22 अंश आला. चार दिवसांनी पुण्यातल्या स्पाइन सर्जनांनी फिल्म बघून लगेच विचारलं, "झोपवून काढलाय का हा?" उभ्याने पुन्हा काढला, 29 अंश भरला. झोपल्यावर शरीराचा भार कण्यावरून उतरतो आणि बाक कमी दिसतो. म्हणून लक्षात ठेवा: एक्स-रे उभ्याने, मानेपासून कमरेच्या हाडापर्यंत पूर्ण कण्याचा. पुढच्या वेळी जुनी फिल्म बरोबर न्या. मोजताना पाचेक अंशांचा फरक माणसाच्या हातानेही पडतो, त्यामुळे 24 चे 27 झाले म्हणून घाबरायचं नसतं आणि 24 चे 32 झाले तर थांबायचं नसतं.

त्या डॉक्टरांनी कोनाआधी दुसराच प्रश्न विचारला होता. "पाळी सुरू झाली का?" झाली नव्हती. त्यांनी एक्स-रेवर कमरेच्या हाडाची वरची कड बोटाने दाखवली. तिथे हाडाची नवी रेघ उमटायला लागली की समजायचं, वाढ उताराला लागली. लेकीच्या फिल्मवर ती रेघ अजून नव्हतीच. म्हणजे वाढायचं बरंच बाकी होतं, आणि बाक वाढायचाही. हे सगळं प्रकरण अंशांइतकंच काळाचं आहे. मुलींची उंची साधारण अकरा-बाराव्या वर्षी झपाट्याने वाढते, मुलांची तेरा-चौदाव्या. आणि बाक वाढतो तो याच झपाट्यात. पाळी आल्यावर साधारण दोन वर्षं उंची थोडी थोडी वाढत राहते. स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीने दर तीन महिन्यांनी उंचीची खूण करा. दोन खुणांमधलं अंतर एकदम वाढलं की पाठ बघायचे दिवस आले म्हणून समजा. त्या काळात "सहा महिन्यांनी बघू, वाढीचं वय आहे, होईल सरळ" असं कुणी म्हटलं, घरच्यांनी किंवा अगदी डॉक्टरांनीही, तर दुसरीकडे दाखवा. वाढीच्या वयात हा बाक आपोआप सरळ होत नाही.

लेकीला ब्रेस लागला. 25 अंशांच्या पुढे बाक आणि वाढ बाकी, असं असलं की साधारण तो देतात. प्लास्टिकचा, अंगाच्या मापाचा, काखेखालून कमरेपर्यंत, मागे पट्ट्यांनी आवळलेला. दिवसाचे अठरा तास. साताऱ्याचा मे महिना आणि अंगात ते चिलखत. आतला सुती बनियन मी तिला उलटा घालायचे, म्हणजे शिवण कातडीला टोचू नये. दुपारी तो बदलायचा, घाम टिपायचा, लाल झालेली जागा अर्ध्या तासात निवळते का ते बघायचं. शाळेत बाकाखाली पेन्सिल पडली की ती वाकून उचलता यायची नाही. पहिले दोन महिने ती रोज रात्री रडली. एकदा तिने विचारलं, "आई, मी वाकडी आहे का गं?" मी तिला आरशासमोर नेलं नाही, समजूतही घातली नाही. तिचा एक्स-रे खिडकीवर लावला आणि दोघींनी मिळून एकेक मणका मोजला. बारा पाठीचे, पाच कमरेचे. कुठला कुठे वळलाय ते तिने स्वतः बोटाने दाखवलं. त्या दिवसापासून तिने त्या वळणाला "माझा घाट" म्हणायला सुरुवात केली, खंबाटकीसारखा. घरात दुसरा शब्द आम्ही वापरला नाही, पाहुण्यांनाही वापरू दिला नाही.

ब्रेसने उपयोग होतो का, हा वाद पुष्कळ वर्षं चालला. 2013 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रेस लावलेल्यांपैकी 72 टक्क्यांचा बाक शस्त्रक्रियेच्या उंबरठ्याअलीकडे राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी 48 टक्क्यांचा. आणि ज्यांनी दिवसाला जवळजवळ तेरा तासांहून जास्त घातला, त्यांच्यात यश नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलं. म्हणजे घालण्यावर सगळं आहे, कपाटात ठेवलेल्या ब्रेसवर नाही. ब्रेस कणा सरळ करत नाही, वाढ संपेपर्यंत बाकाला धरून ठेवतो. माझ्या लेकीचा अडीच वर्षांनी ब्रेस सुटला तेव्हा कोन 31 होता. 29 चे 31. मला त्या दोन अंशांचं वाईट वाटलं नाही, मी डॉक्टरांच्या टेबलावर डोकं टेकून रडले.

बाक 45-50 अंशांपर्यंत गेला तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. स्क्रू आणि सळ्यांनी कणा धरून मणके जोडतात. मोठी शस्त्रक्रिया आहे, पण मुलं एक-दोन दिवसांत उभी राहतात. ब्रिटनची राजकन्या युजिनी हिची ती बाराव्या वर्षी, 2002 मध्ये झाली. 2018 मध्ये लग्नात तिने पाठ उघडी राहील असा पोशाख मुद्दाम निवडला, व्रण दिसावा म्हणून. आणि उसेन बोल्टच्या कण्यालाही बाक आहे, हे त्यानेच सांगितलेलं आहे. लेकीच्या अभ्यासाच्या टेबलावर त्याचा फोटो होता.

व्यायाम, योगासनं, पोहणं? जरूर. पाठ मजबूत होते, श्वास मोकळा होतो, मूल आनंदी राहतं. स्कोलिओसिससाठी खास व्यायामही आहेत, मी ते शिकवते. पण वाढत्या वयातल्या 30 अंशांच्या बाकाला ब्रेसऐवजी नुसता व्यायाम, असं मी कुणालाही सांगणार नाही. बारला लोंबकळून, तेल रगडून, ऑनलाइन मिळणारा पट्टा बांधून तो जात नाही. यात गेलेले आठ-दहा महिने परत मिळत नाहीत, हेच त्यातलं खरं नुकसान.

मणका "बसवून" देणाऱ्यांकडे तर चुकूनही जाऊ नका, कारण प्रत्येक बाक स्कोलिओसिसचा नसतो. आपल्या देशात पाठीचा टीबी अजून आहे आणि तो मुलांनाही होतो. मूल रात्री पाठ धरून उठतं, संध्याकाळी कणकण असते, वजन उतरतं, पाठ काठीसारखी ताठ होते. जमिनीवर पेन टाकून उचलायला सांगा: ते वाकणार नाही, पाठ सरळ ठेवून उकिडवं बसेल आणि उचलेल. पुढे कण्यावर एखादा मणी टोकदार वर आलेला दिसतो. अशा मणक्यावर कुणी जोर दिला तर पाय लुळे पडू शकतात. वेळेवर औषधं सुरू झाली तर मूल बरं होतं, आणि ती औषधं सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. तसंच बाक दहा वर्षांच्या आत दिसला, पाठ दुखून झोपमोड होऊ लागली, पायांना मुंग्या किंवा अशक्तपणा आला, लघवीवरचा ताबा गेला, कमरेच्या मध्यावर केसांचा झुपका किंवा खोल खळी असली, अंगावर कॉफीच्या रंगाचे बरेच डाग असले, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. जन्मतःच मणका अर्धवट तयार झालेला असेल तर मूत्रपिंड आणि हृदयही तपासून घ्यावं लागतं, कारण गर्भात हे सगळं एकाच सुमारास घडत असतं.

पोक काढून बसणाऱ्या मुलांचं काय? बहुतेकांची ती सवय असते. मुलाला पालथं झोपवा आणि छाती उचलायला सांगा. पोक मोडली तर सवय. तशीच राहिली आणि वाकल्यावर बाजूने टोकदार कमान दिसली, तर दाखवून घ्या. मणके पुढच्या बाजूला पाचरीसारखे निमुळते होणारा एक आजार आहे, डेन्मार्कच्या शॉयरमानने तो 1920 मध्ये वर्णन केला. त्यावर ओरडून उपयोग नाही.

एक प्रश्न आया दार लोटून घेऊन, हळू आवाजात विचारतात. लग्नाचं कसं होणार, मुलंबाळं होतील ना? होतात. बाक असलेल्या, अगदी शस्त्रक्रिया झालेल्या मुलीही आई होतात. स्थळाच्या काळजीने बारा वर्षांच्या पोरीचा एक्स-रे नातेवाइकांपासून लपवत तिला डॉक्टरकडे न्यायला उशीर करणारी घरं मी पाहिली आहेत. मला त्यांचा राग येत नाही, त्या पोरींसाठी जीव तुटतो.

माझी लेक आता सतरा वर्षांची आहे. बाक आहे, कुर्त्याला एका बाजूने अर्धा इंच जास्त सोडावा लागतो, बाकी काही नाही. गेल्या दिवाळीत सासूबाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून धाकट्याला तेल-उटणं तिनेच लावलं. तो दहाचा झाला, आता त्याचंही वय लागलं. थंडीने कुडकुडत तो पाटावरून उठू बघत होता. तिने त्याला खांद्याला धरून उभं केलं, तळवे जुळवायला लावले आणि स्वतः पाटावर बसून नजर त्याच्या पाठीच्या पातळीत आणली. समईची ज्योत तिने जरा पुढे सरकवली. मी दारात उभी होते. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग त्याच्या सपाट पाठीवर तिने उटण्याचा हात फिरवला, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि माझ्याकडे बघून मान हलवली.